तारीख मोबाइलवर, पुरावा कारखान्यात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरलेला ट्रक पुणे-बंगळूर महामार्गाला लागला की माल वेळेत गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो. त्याचे पैसे मात्र कधी साठ, कधी नव्वद दिवसांनी येतात आणि काही वेळा येतच नाहीत. फाउंड्री असो, मशीन शॉप असो किंवा दोन लेथवर जॉबवर्क करणारा छोटा कारखानदार असो, येणे बाकीच्या यादीत एखाद-दुसरं नाव असं असतंच, की त्याच्यापुढचा आकडा वर्ष सरलं तरी हलत नाही. तरीही अशी रक्कम वसूल करायला फार थोडे जण कोर्टाची पायरी चढतात. वकिलाची फी, तारखेला मोडणारा दिवस, पुढे किती वर्षं लागतील याचा अंदाज नाही, हे सगळं मांडलं की दोन-चार लाखांवर पाणी सोडलेलं बरं वाटतं. हा हिशेब बरीच वर्षं खरा होता. गेल्या काही वर्षांत कोर्टांचं काम संगणकावर आल्यामुळे त्यातले काही आकडे बदलले आहेत. हेलपाटे कमी झाले आहेत, माहिती घरबसल्या मिळते, समन्स पोचवण्याचे नवे मार्ग आले आहेत. मात्र या सोयीचा फायदा आपोआप पदरात पडत नाही. ज्याच्या नोंदी भांडण लागण्याआधीपासून नीट आहेत त्यालाच तो मिळतो. कोर्टाच्या आवारात होणारं बरंचसं काम आता तुमच्या ऑफिसच्या टेबलावर आलं आहे, आणि ते केस दाखल झाल्यावर करायचं नसून माल गेटबाहेर पडतो त्या दिवशी करायचं आहे.

आधी काय बदललं ते पाहू. ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी मंजुरी दिली आणि चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपये ठेवले. त्यातला सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक वाटा जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल नकला करण्यासाठी आहे. पक्षकाराच्या दृष्टीने यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे सीएनआर क्रमांक. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला हा सोळा अक्षरांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, म्हणून आपल्याकडे एमएच. पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक कोर्टाचे, मग सहा अंकी प्रकरण क्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष. ई-कोर्टच्या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, मागच्या तारखांना काय झालं आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. तुमची किंवा तुमच्याविरुद्धची जी प्रकरणं आज चालू आहेत, त्यांचे सीएनआर क्रमांक वकिलांकडून मागून घ्या आणि एका वहीत लिहून ठेवा. वकील बदलला, पक्षकार बदलला, न्यायाधीशांची बदली झाली, तरी त्या कोर्टात हा क्रमांक तोच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की वकील नेमले आहेत, मग आपण कशाला बघायचं? दुसरा त्याहून रास्त आहे. मोबाइलवर तारीख दिसली म्हणून ती जवळ येते का? येत नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत आणि हे कोणी लपवलेलं नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर तो आकडा कोणालाही पाहता येतो. न्यायाधीश आणि कोर्ट पुरेसे नाहीत ही अडचण संगणकाने सुटणारी नाही. मग फरक कुठे पडतो? रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत पडतो. पूर्वी तारीख पडली एवढंच कळायचं, आता ती का पडली तेही बऱ्याचदा कळतं. समजा तुमच्या दाव्यात लागोपाठ तीन तारखा समन्स बजावणीसाठीच पडल्या आहेत. याचा अर्थ समोरच्याचा पत्ता चुकीचा आहे किंवा तो समन्स टाळतो आहे. त्याचं नवं गोडाऊन कुठे आहे, जीएसटी नोंदणीत कोणता पत्ता लावला आहे, हे वकिलांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. ती माहिती तुम्ही वकिलांना वेळेत दिलीत तर चौथी तारीख वाया जात नाही. समोरच्याची कैफियत आली नसेल, कागदपत्रांची यादी द्यायची राहिली असेल, तुमच्या साक्षीचं प्रतिज्ञापत्र बाकी असेल, तरी हेच लागू होतं. यात वकिलांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. चांगल्या वकिलाला पाठपुरावा करणारा पक्षकार हवाच असतो.

चेक परत जाण्याच्या प्रकरणांत हे समन्सचं दुखणं सर्वांत जुनं आहे. बेलिफ जातो, दार बंद असतं, शेरा मारून समन्स परत येतं, असं करता करता वर्ष जातं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये, गोव्यातून आलेल्या संजाबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर या चेकच्याच प्रकरणात, याबद्दल सविस्तर सूचना दिल्या. फिर्यादीने स्वतः समन्स पोचवण्याची मुभा, त्याच्या जोडीला ईमेल आणि मेसेजद्वारे बजावणी, आणि आरोपीला चेकची रक्कम सुरुवातीलाच ऑनलाइन भरता यावी म्हणून जिल्हा न्यायालयांनी सोय करणं, असं त्यात आहे. मात्र आरोपीचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक फिर्यादीने द्यायचा आहे आणि तो खरा असल्याचं प्रतिज्ञापत्रावर सांगायचं आहे. आता स्वतःची फाइल उघडून पाहा. गिऱ्हाइकाच्या पर्चेस मॅनेजरचा नंबर असतो, कधीकधी नुसता टोपणनावाने सेव्ह केलेला. चेकवर सही करणारा भागीदार किंवा संचालक कोण, त्याचा ईमेल कोणता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नव्या पार्टीची पहिली ऑर्डर घेतानाच एका पानाचा फॉर्म भरून घ्यावा. त्यात कंपनीचं नोंदणीकृत नाव, भागीदार किंवा संचालकांची नावं, जीएसटी क्रमांक, पत्रव्यवहाराचा ईमेल आणि मोबाइल असावा, खाली सही आणि शिक्का. ऑर्डर देताना हे कोणी नाकारत नाही. पैसे थकल्यावर मात्र कोणी देत नाही. मुदतींमध्ये तंत्रज्ञानाने काही सूट दिलेली नाही. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला, आणि तोपर्यंत पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात फिर्याद. चेक तुम्ही तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट चालतं. म्हणजे चेन्नईच्या पार्टीविरुद्धची फिर्यादही इथे करता येते. केरळात कोल्लमला २० नोव्हेंबर २०२४ पासून फक्त चेकच्या प्रकरणांसाठी एक डिजिटल कोर्ट सुरू झालं आहे. तिथे दाखल करण्यापासून पुढचं काम ऑनलाइन चालतं आणि दाखल करायला दिवसरात्र केव्हाही मुभा आहे. कोल्हापूरसारख्या उद्योगी जिल्ह्याने तशी मागणी लावून धरायला हरकत नाही.

शिरोलीतल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी खरी वाट मात्र दुसरीच आहे, आणि ती अजूनही पुरेशी वापरली जात नाही असं मला वाटतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार मोठ्या गिऱ्हाइकाने तुमच्याशी काहीही ठरवलं असलं तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर ती पंधराच दिवसांची. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. तक्रार या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते आणि त्यासाठी समाधान नावाचं पोर्टल ऑक्टोबर २०१७ पासून चालू आहे. माल पुरवणारा जिथला, तिथल्या परिषदेला प्रकरण चालवण्याचा अधिकार असतो, गिऱ्हाईक भारतात कुठेही असो. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने झाला आणि गिऱ्हाइकाला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी रकमेच्या पंचाहत्तर टक्के भरावे लागतात. पर्चेस ऑर्डरवर बारीक अक्षरात वाद वेगळ्या लवादाकडे जाईल असं छापलेलं असलं तरी या कायद्यातला हक्क त्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या महाकाली फूड्स प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच निकालात उद्योगाची नोंदणी माल पुरवण्याआधीची हवी, असंही म्हटलं आहे. नोंदणीच्या वेळेचा हा मुद्दा पुढे मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. त्याचा निकाल काय लागेल याची वाट पाहत बसण्यापेक्षा उद्यम नोंदणी आजच करून घेणं शहाणपणाचं. येणं वसूल करण्यासाठीची तीन वर्षांची मुदतही डोक्यात ठेवा. परिषदेपुढचा सलोख्याचा टप्पा मुदत टळलेल्या येण्यासाठीही खुला आहे, पण सलोखा न झाल्यास त्यानंतर होणाऱ्या लवादाला मुदतीचा कायदा लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे.

या कायद्यातली एक व्याख्या प्रत्येक फाउंड्रीवाल्याने पाठ करावी. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. शिरोलीतल्या थकबाकीच्या वादांत समोरून येणारं नेहमीचं उत्तर म्हणजे रिजेक्शन. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले, मशिनिंगला माप बसलं नाही, म्हणून डेबिट नोट लावली. हरकत खरी असेल तर ती मान्य करून माल बदलून द्यावाच लागतो. पण पैसे मागितल्यावर तीन महिन्यांनी आलेली डेबिट नोट ही हरकत आहे की सबब, हे ठरतं तारखांवर. माल कोणत्या दिवशी पोचला, चलनावर पोच घेताना कोणी सही केली, सही करताना काही शेरा लिहिला का, आणि रिजेक्शनचा पहिला मेल कधीचा आहे, या चार गोष्टींवर लाखो रुपये इकडचे तिकडे होतात. ट्रकबरोबर गेलेल्या चलनाची पोच ड्रायव्हरने परत आणली नाही तर आपल्याकडे कोणी पाठपुरावा करत नाही. तो करायला हवा. पोच मिळालेलं चलन त्याच दिवशी स्कॅन करून बिल आणि ई-वे बिलाच्या जोडीला ठेवा. रिजेक्शन फोनवर कळलं तर फोन ठेवल्याबरोबर दोन ओळींचा मेल टाका: आज आपण अमुक हीट नंबरच्या इतक्या नगांबद्दल सांगितलंत, बाकीच्यांबद्दल तक्रार नाही असं आम्ही धरतो, तसं नसेल तर कळवा. कोणताही वकील नंतर हजार शब्दांत जे सिद्ध करायला धडपडेल, ते या दोन ओळींत मिटतं.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो कायद्याचा नसून धंद्याचा आहे: केस केली की ऑर्डर बंद. ज्याचा निम्म्याहून अधिक माल एकाच कंपनीला जातो, त्याच्यासाठी ही भीती पूर्णपणे खरी आहे आणि कोणतंही पोर्टल ती घालवू शकत नाही. पण नोंद ठेवणं म्हणजे केस करणं नव्हे. सेहेचाळिसाव्या दिवशी गेलेला सभ्य आठवणीचा मेल, सोबत खात्याचा उतारा आणि उद्यम क्रमांक, यामुळे कोणाशी संबंध तुटत नाहीत. उलट आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे तो मेल गिऱ्हाइकाच्या हिशेबनीसाला उपयोगाचाच वाटतो. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. तुम्ही त्या वर्गात बसता हे गिऱ्हाइकाच्या दप्तरी आधीच नोंदलेलं असेल, तर मार्च महिन्यात तुमचं नाव पैसे द्यायच्या यादीत वर येण्याची शक्यता वाढते. आणि वसुलीची वेळ आलीच, तर तोवर संबंध राखायला तुम्ही काय काय केलंत हेही त्या मेलांवरून दिसतं.

आता पुराव्याबद्दल, कारण गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. व्हॉट्सॲपवर त्याने पैसे देतो असं लिहिलंय, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे, एवढ्यावर भरवसा ठेवणारे पुष्कळ. महाराष्ट्रातल्याच एका निवडणूक खटल्याने याबाबतचा कायदा देशासाठी पक्का केला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर आला, असा कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता. आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. वारंवार मागूनही त्या चित्रीकरणाचं कायदेशीर प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुराव्यात आणायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आणि नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर ती व प्रमाणपत्र मिळावं म्हणून तुम्ही सगळे प्रयत्न केलेत हे दाखवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या त्रेसष्टाव्या कलमात हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे: एक भाग यंत्र किंवा कामकाज ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी अक्षरं आणि आकड्यांची साखळी. एसएचए-२५६ पद्धतीत ती चौसष्ट अक्षरांची असते. बिलाच्या पीडीएफमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण साखळी वेगळी येते. म्हणून फाइलमध्ये नंतर कोणी हात घातला का, हे ती दोन वेळा काढून जुळवली की कळतं.

याचा रोजच्या कामाशी संबंध असा. ज्या फोनवर ऑर्डरची बोलणी झाली, तो फोन शक्य तर कंपनीचा आणि नंबर कंपनीच्या नावावर असावा. डिस्पॅच बघणारा मुलगा नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या वैयक्तिक फोनबरोबर तीन वर्षांचा पुरावाही निघून जातो. ऑर्डर, दर आणि मुदत यांबद्दलचं बोलणं मेलवर पक्कं करून घ्यावं. संवाद निवडक स्क्रीनशॉटमध्ये न ठेवता पूर्ण एक्स्पोर्ट करावा आणि मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये. सीसीटीव्हीवर काही दिवसांनी नवं चित्रीकरण जुन्यावर चढतं, म्हणून गेटवर वाद झाला तर त्याच दिवशी ते उतरवून घ्यावं. आणि सर्वांत महत्त्वाचं: मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर पोर्टलवर माल मिळाल्याची जी नोंद होते, जिला आपण जीआरएन म्हणतो, ती दर महिन्याला डाउनलोड करून ठेवा. वाद लागला आणि लॉगिन बंद झालं, तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा समोरच्याच्या कुलपात राहतो. तसं झालंच, तर जालन्याच्या प्रकरणातला धडा वापरा. आधी लेखी मागा, नाही मिळालं तर कोर्टामार्फत मागवून घ्या.

व्हिडिओवरच्या सुनावणीबद्दलही दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना वाटतं आता कोर्टात जायलाच नको, काहींना वाटतं पडद्यावर न्याय होतच नाही. कॅमेऱ्यासमोर साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात २००३ मध्येच मान्य केलं होतं. पुढे २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी ऑनलाइन हजेरीची सोय नाकारू नये असंही त्याने बजावलं. तरी माझं मत असं, की साध्या तारखा, मुदतवाढीचे अर्ज, कायद्यावरचा युक्तिवाद पडद्यावर झाला तर काही बिघडत नाही, मात्र ज्या साक्षीदारावर सगळा वाद उभा आहे त्याचा उलटतपास समोरासमोर व्हावा. कागद हातात देऊन प्रश्न विचारताना होणारा परिणाम कॅमेऱ्यातून येत नाही, शिवाय पडद्याबाहेर बसून साक्षीदाराला कोणी सांगतंय का याची शंका राहते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. चार दशकांच्या लढ्याला आलेलं हे यश आहे. आता ऑनलाइनची गरज काय, असं विचारणाऱ्यांनी एवढं पाहावं, की बेंच उच्च न्यायालयापुरतं आहे. कंपनी कायदा न्यायाधिकरण मुंबईत आहे, कर्जवसुलीचं पुण्यात आहे, आणि तुमची पार्टी फरिदाबादची असू शकते.

एक धोका मात्र या सोयीबरोबरच आला आहे. कोर्टाच्या नावाने खोटे फोन, खोटी वॉरंट आणि ई-चलनाच्या नावाखाली फोनमध्ये घुसणाऱ्या फाइल्स. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या उद्योजकाला भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी रुपये लुटले. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही, आणि कोणतंही कोर्ट फोनवरून पैसे एखाद्या खात्यात वळवायला सांगत नाही. अशा वेळी घाबरून न जाता सीएनआर क्रमांक विचारा, तो स्वतः ॲपमध्ये टाकून पाहा, वकिलांना फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

हे सगळं वाचून दोन लेथवाला विचारेल, की स्कॅनर, हॅश, तज्ज्ञाचं प्रमाणपत्र हे मी कुठून आणू? प्रश्न अगदी बरोबर आहे. तंत्रज्ञान ज्याला परवडतं त्याच्याच बाजूला न्याय झुकला, तर ते मान्य होण्यासारखं नाही. न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रं उघडण्यामागे हाच विचार आहे. तिथे प्रकरणाची माहिती, नकलांसाठी अर्ज, ई-फायलिंग आणि कोर्ट फी ऑनलाइन भरण्यासाठी मदत मिळू शकते. पण केंद्र कोर्टात आहे आणि कारखानदार शिरोलीत. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनसारख्या संघटनेने आठवड्यातून एक दुपार एक खोली, एक चांगला स्कॅनर आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याची माहिती असलेला एक माणूस एवढी सोय केली, तर पुष्कळ जणांचं अडलेलं काम पुढे सरकेल. समाधानवरचा अर्ज भरणं, चलनं लावून देणं, मुदतीची तारीख काढून देणं, प्रमाणपत्राचा नमुना समजावणं, एवढंच काम तिथे व्हावं. तज्ज्ञाचा खर्च दहा-बारा जणांत वाटला गेला की तोही आवाक्यात येतो. अशी खोली सुरू होईपर्यंत थांबायचं कारण नाही. सर्वांत जुनी बाकी ज्याच्याकडे आहे त्याची फाइल काढा, शेवटच्या बिलाची आणि शेवटच्या आलेल्या पैशांची तारीख पाहा, आणि तीन वर्षं भरायला किती दिवस उरले आहेत ते फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहा.